बहात्तरचं त्र्याहत्तर

हे इथे लिहावं की नाही, यात माझे दोन महिने गेले. या ग्रुपवरचे अनुभव मी बरेच दिवस वाचतो आहे. खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसलो आहे... कुणाला विहिरीजवळ बाई दिसते, कुणाच्या मागे पावलं वाजतात. आमच्या घरात असलं काही चालत नाही. ताप आला की माय आधी दवाखान्यात नेते, मग देवापुढे दिवा लावते. आणि मी स्वतः कॉम्प्युटर सायन्स शिकतो. मशीनला जे सांगितलं तेवढंच ते करतं, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. तरी जे झालं ते लिहितो. काही ठिकाणी मी चांगला दिसणार नाही, त्याला इलाज नाही.

माझं गाव कामरगावच्या अलीकडे आहे. आमचं भाजीचं वावर आहे — मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, वांगी. कॉलेज कारंज्याला, नाव देत नाही. घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. सकाळची एसटी पकडून जायचं आणि साडेपाचच्या गाडीने परत यायचं, असं माझं दुसरं वर्ष चालू होतं.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला असेंब्ली लँग्वेज होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो — ही मशीनच्या अगदी जवळची भाषा. प्रत्येक आज्ञेला एक आकडा असतो, आणि शेवटी मशीनच्या मेमरीत नुसते आकडेच जातात. एक आकडा चुकला की सगळं भलतीकडे जातं.

लॅबमध्ये चालू कॉम्प्युटर सहा आणि आम्ही चव्वेचाळीस. त्यामुळे गट पाडलेले. माझ्या गटात वैभव होता. रोल नंबर सत्तावीस. कारंज्यातलाच, बापाचं हार्डवेअरचं दुकान, घरी लॅपटॉप. पहिल्या वर्षी त्यानेच मला माऊस धरायला शिकवलं होतं, हे मी विसरलेलो नाही. पण दुसऱ्या वर्षी कीबोर्ड कायम त्याच्यापुढे असायचा.

"तू फकस्त लिहून घे बे मेथीवाल्या," तो म्हणायचा. "तुह्या बोटायनं दोन तास लागतीन."

सगळे हसायचे. मीही हसायचो. अख्ख्या सेमिस्टरमध्ये मी कीबोर्डला पाच-सहा वेळा हात लावला असेल.

आणि प्रॅक्टिकलमध्ये पास झाल्याशिवाय तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही, असा आमच्याकडे नियम. बाबांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं — "यंदा अटकला त वावरात ये. मले एकट्याले आता होत नाई." ते रागाने नव्हते म्हणाले. म्हणूनच जास्त लागलं.

लॅबच्या मागे एक स्टोअर रूम आहे. तिथे मोडक्या खुर्च्या, जुने पंखे आणि एका टेबलावर एक फार जुना कॉम्प्युटर. हिरव्या अक्षरांचा जाड मॉनिटर, दोन फ्लॉपीची तोंडं, हार्ड डिस्क नाहीच. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये त्याची नोंद आहे, म्हणून तो फेकता येत नाही. दरवर्षी तपासणीला दाखवावा लागतो. लॅबचे परिचर देवरावकाका त्याच्यावर आपला डबा ठेवायचे.

मी त्यांना विचारलं, "काका, हा चालू होते काय?"

"होते. पण कायले पायजे तुले?"

"प्रॅक्टिस करतो. लॅबमंदी नंबरच लागत नाई."

"त्याच्या नांदी लागू नको. पत्रा करंट मारते त्याचा." मग माझ्या पिशवीकडे बघून म्हणाले, "मेथी हाय काय?"

मेथी होती. दोन जुड्या दिल्या आणि कपाटातून एक फ्लॉपी मिळाली.

पहिल्या दिवशी मशीन चालू केलं तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील. ऊन खिडकीतून सरळ पाठीवर. मशीन तीनदा ओरडलं, बराच वेळ खरखरलं, मग हिरवी अक्षरं आली. त्या फ्लॉपीत डीबग नावाचा छोटासा प्रोग्राम होता. त्यातून मेमरीतला एकेक आकडा बघता येतो, बदलता येतो. तो चालू केला की स्क्रीनवर बाकी काही येत नाही, फक्त एक आडवी रेघ येते. वजाबाकीचं चिन्ह. आधीच मार्क कापून बसल्यासारखं.

मी माझा प्रोग्राम टाकण्याआधी सहज मेमरी बघितली. आमचे प्रोग्राम जिथून सुरू होतात त्या पत्त्यावर कुणाचा तरी प्रोग्राम आधीच होता. चाळीस-पन्नास आकडे, नीट मांडलेले. मला वाटलं फ्लॉपीतून काहीतरी आलं असेल. मशीन बंद केलं, पाच मिनिटं थांबलो, परत चालू केलं. तोच प्रोग्राम, त्याच जागी.

इथे एक सांगायला हवं. मशीनची मेमरी म्हणजे पाटी. वीज गेली की पाटी कोरी. त्यात काहीही राहत नाही, राहूच शकत नाही. मी त्या प्रोग्रामवर माझे आकडे लिहिले, तासभर प्रॅक्टिस केली, घरी गेलो. दुसऱ्या दिवशी चालू केलं तर माझं सगळं पुसलेलं आणि तो प्रोग्राम परत तिथे बसलेला.

मी तो वहीत उतरवून घेतला. एकेका आकड्याची आज्ञा पुस्तकात शोधायची, असं करता करता आठवडा गेला. सगळा नाही कळला. मधला एक तुकडा अजूनही कळत नाही. पण शेवट कळला. एक संख्या घ्यायची, वीसशी तुलना करायची, कमी असेल तर एकीकडे उडी, नाहीतर दुसरीकडे. वीस म्हणजे आमची पासिंगची लाईन, पन्नासपैकी वीस. ती उडी मारणारी आज्ञा म्हणजे ७२ हा आकडा.

मग मी तो चालवला. कर्सर लुकलुकत थांबला. काय टाकावं कळेना, म्हणून माझा रोल नंबर टाकला. ४१.

स्क्रीनवर आलं — १९. आणि खाली एक अक्षर, F.

मी सत्तावीस टाकून बघितला. ४६, P. आणखी दोन नंबर टाकले आणि चारही उत्तरं वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवली. कुणीतरी जुन्या काळच्या पोरांचे मार्क ठेवले असतील, असं तेव्हा वाटलं.

आठ दिवसांनी क्लास टेस्टचे मार्क बोर्डावर लागले. वैभव ४६. मी १९. बाकीचे दोघेही वहीत होते तेच.

मला घाम फुटला वगैरे असं काही झालं नाही. मी फक्त बोर्डासमोरून हललो नाही. मग वैभवला शोधलं आणि त्याला स्टोअर रूममध्ये घेऊन गेलो. का नेलं, हे आता मला कळत नाही. कदाचित कधी नव्हे ते माझ्याकडे त्याला दाखवण्यासारखं काहीतरी होतं.

त्याने उभ्याउभ्याच सत्तावीस टाकला. ४४, P. आकडा बदलला होता.

"अबे हे त मले ओळखते!" तो मोठ्याने हसला. "हे आता प्रॅक्टिकलचे असतीन काय? थांब, तुहे पाहू."

"नको."

"काहून नको? मशीनले काय लाजतं?"

त्याने ४१ टाकला. १७, F.

त्याचं हसणं थांबलं. खरंच थांबलं. मग माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "मशीनलेही समजते गड्या, वावरात कोणाची गरज हाय ते."

दुसऱ्या दिवसापासून वर्गात माझं नाव सतरा पडलं. "सतरा, सरक तिकडं." "सतरा आला नाई काय आज?" मशीनचं कुणी खरं मानत नव्हतं, वैभवही मानत नव्हता. त्याने ते गंमत म्हणून सांगितलं आणि नाव तेवढं चिकटलं.

मी अभ्यासाला लागलो. सकाळी एसटीत, दुपारी त्या मशीनवर, घरी जेवण झालं की परत. माझे प्रोग्राम चालायला लागले होते. लॅबच्या मॅडमनी एकदा जर्नलवर "छान" लिहिलं. आणि रोज निघताना मी ४१ टाकून बघायचो. १७. १७. १७. ज्या दिवशी माझा दहा आकड्यांतला सगळ्यात मोठा शोधायचा प्रोग्राम एकाच फटक्यात चालला, त्या दिवशी टाकला तर १६.

त्या आकड्यात काहीतरी वाईट होतं. मी लिहिताना अडखळतो आहे, पण दुसरा शब्द नाही. मी जितकं जास्त करत होतो तितकं ते मला खाली ढकलत होतं. त्या खोलीत बसलं की कुणीतरी पाठीमागून आपली वही वाचतंय आणि चूक सापडायची वाट बघतंय, असं वाटायचं. देवरावकाका खोलीत असले की प्रोग्राम चालायचाच नाही, स्क्रीनवर नुसता कचरा यायचा. ते गेले की परत नीट.

"काय पाह्यते बे रोज त्याच्यात?" काकांनी एकदा विचारलं. "चेहरा पाय तुहा. सोड त्याले."

प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी मी दुपारी तिथे बसलो. ४१ टाकला. १६, F.

प्रोग्राम कुणाचा का असेना, तो माझ्यासमोर उघडा होता. मी दोन गोष्टी करू शकत होतो. एक म्हणजे पासिंगची लाईनच खाली आणायची, वीसऐवजी सोळा. एक आकडा बदलायचा. त्याने कुणाचं काही बिघडलं नसतं. दुसरी म्हणजे उडी उलटी करायची. ७२ च्या जागी ७३. मग वीसपेक्षा कमी असेल तो पास आणि जास्त असेल तो...

मी ७३ टाकलं.

लोकांना मी सांगतो की घाईत लाईनचं सुचलं नाही. इथे तसं सांगणार नाही. लाईनचं आधी सुचलं होतं. त्या दिवशी सकाळीच लॅबच्या दारात सगळ्यांसमोर वैभव म्हणाला होता, "सतरा, उद्या येऊन काय करतं? जाय, सांभार काढ." मला लाईन खाली आणायची नव्हती. मला ती उलटी पाहिजे होती.

चालवला. ४१. स्क्रीनवर १६, आणि खाली P.

मग मी २७ टाकला. ४४. खाली F.

मी ते अक्षर बघत बसलो. परत ७२ करायला अर्धं मिनिट लागलं असतं, तेवढा हात मला आता बसला होता. बाहेर काका कुणाशी तरी पंख्याबद्दल भांडत होते. मी मागे हात घालून बटण बंद केलं आणि साडेपाचच्या गाडीला गेलो. गाडीत मला हलकं वाटत होतं, हेही लिहितो.

प्रॅक्टिकल वाईट गेलं. मला तोच दहा आकड्यांचा प्रोग्राम आला, जो मला पाठ होता. पण मोजणी कमी करायची आज्ञा मी विसरलो आणि मशीन फिरतच राहिलं. तोंडी परीक्षेला बाहेरचे सर काही विचारायचे आणि मी त्यांच्या शर्टाच्या खिशाकडे बघायचो. सोळाच मार्क मला योग्य होते. त्यात माझी तक्रार नाही.

दहा-बारा दिवसांनी यादी लागली. तीन रकाने — रोल नंबर, गुण, निकाल. सत्तावीस, ४४, F. एकेचाळीस, १६, P. बाकी सगळं बरोबर, ७३ केल्यावर मी टाकलेले दोनच नंबर उलटले होते.

वैभव आधी हसला. "अबे चव्वेचाळीस अन नापास? कोणाचं डोकं फिरलं?" तो ऑफिसात गेला, अर्ज दिला. आमच्या मॅडम तोवर बाळंतपणाच्या रजेवर गेल्या होत्या. क्लार्क म्हणाले दुरुस्त होऊन जाईल. चार दिवसांनी नवी यादी लागली. सत्तावीस, ४४, F. त्याने परत अर्ज दिला. परत तीच यादी. क्लार्क चिडले — "मी स्वतः P टाकून राह्यलो ना बावा, छापून F येऊन राह्यला त मी काय करू?"

माझ्या ओळीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. नापास झालेला अर्ज करतो, पास झालेला कशाला करेल?

तिकडे बाबांनी बाजारात सगळ्यांना सांगितलं होतं. शेजारच्या ओट्यावरच्या कांदेवाल्याने मला चहा पाजला. "तिसऱ्या वर्षाले गेला म्हन्ते तुहा बाप. झाक केलं!" बाबा बाजूला वांगी निवडत होते. मान वर केली नाही, पण कानापर्यंत हसत होते. माझ्या हातातला चहा गार झाला.

तिसऱ्या वर्षाच्या प्रवेशाची शेवटची तारीख जवळ आली. वैभव रोज ऑफिसच्या पायऱ्यांवर बसायचा. दाढी वाढलेली. त्याच्या बापाने त्याला सगळ्यांसमोर बोलून घेतलं होतं — काहीतरी लफडं केल्याशिवाय चव्वेचाळीसवाला नापास होतो काय? मला बघून तो म्हणाला, "तू झाला ना पास? मंग जाय ना. कायले उभा हाय इथं?"

मी स्टोअर रूममध्ये गेलो. मशीन चालू केलं, मेमरी बघितली. कोरी. त्या पत्त्यावर नुसते शून्य. मी वहीतून अख्खा प्रोग्राम परत टाकला, या वेळी ७२. चालवला, २७ टाकला. मशीन लटकलं. दहा वेळा केलं. ते आकडे टाकून घेत होतं आणि काहीच करत नव्हतं, जणू त्याचं काम झालं होतं.

तिथून उठून मी सरळ ऑफिसात गेलो आणि अर्ज लिहिला — माझे गुण सोळा असून मला उत्तीर्ण दाखवले आहे, तरी दुरुस्ती व्हावी. यादी लागून अठरा दिवस झाले होते.

क्लार्कनी अर्ज दोनदा वाचला. "येडा झाला काय बे? पास व्हासाठी पोट्टे माह्या पाया पडतात, अन तू नापास करा म्हणून राह्यला?"

"गुण सोळाच हायेत साहेब."

"घरी विचारलं काय?"

"नाई."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग शिक्का मारला. जोरात मारला.

दुसऱ्या दिवशी यादी लागली. एकेचाळीस, १६, F. सत्तावीस, ४४, P. वैभवच्या ओळीला त्या दिवशी कुणी हातही लावला नव्हता, असं क्लार्क स्वतः म्हणाले. नंतर मॅडमना फोनवर विचारलं तर त्या म्हणाल्या, दोघांच्या ओळींची अदलाबदल झाली असेल, एक दुरुस्त केली की दुसरी आपोआप होते. असेलही.

घरी बाबांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्यासाठी विळा काढून ठेवला. मी परत परीक्षेला बसणार आहे, हे माय त्यांना रोज थोडं थोडं सांगते आहे.

वैभव मला बसस्टँडवर भेटला. मी सगळं सांगितलं, ७२, ७३, सगळं. मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. ते मशीन त्याने स्वतः बघितलं होतं.

"माहा F तुले तवाच दिसला होता?" त्याने विचारलं.

"हो."

"अन तू बटण बंद केलं."

"हो."

"अठरा दिवस मी त्या पायऱ्यांवर बसलो. तू रोज माह्या समोरून गेला. काहून गप होता?"

कामरगावची गाडी लागली होती, कंडक्टर हाका मारत होता. मी गाडीत चढलो. तो उत्तराची वाट बघत उभा राहिला. गाडी हलली तेव्हाही तो तिथेच होता.

त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही.

वीज गेल्यावर मेमरीत प्रोग्राम कसा राहिला, त्याला आमचे मार्क आधी कसे कळले, मी टाकलेला एक आकडा ऑफिसच्या कागदावर कसा पोचला — यातलं मला काहीच सांगता येत नाही. इथे जाणकार लोक आहेत, कुणाला सुचलं तर जरूर लिहा. वैभवने जे विचारलं ते मात्र विचारू नका. बटण बंद करून निघालो आणि गाडीत हलकं वाटलं, त्याचं उत्तर मला तेव्हाही माहीत होतं.